वर्गणीचा आकडा का अडला होता

गणेशोत्सवाला पंधरा दिवस राहिले असताना आपल्या मंडळाच्या संकेतस्थळावर जे झाले ते बहुतेक सभासदांना ठाऊक आहे. निदान अर्धे तरी ठाऊक आहे. वर्गणीच्या पानावर पावत्यांची यादी रोज वाढत होती. ५०१, १,१०१, २५१, नावापुढे तारीख, सगळे व्यवस्थित. आणि यादीच्या खाली 'एकूण जमा' म्हणून १८,३४० रुपये. दुसऱ्या दिवशी १८,३४०. चौथ्या दिवशीही १८,३४०. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर पहिला प्रश्न कोणी विचारला ते आता उकरून काढण्यात अर्थ नाही. "पावत्या एवढ्या, मग एकूण एवढेच कसे?" असा तो प्रश्न होता, आणि प्रश्न म्हणून तो चुकीचा नव्हता. पण त्याच्याखाली हसणारी, डोळा मारणारी चित्रे आली. संध्याकाळपर्यंत कोणीतरी "उरलेले कोठे?" असे लिहिले. आपले कोषाध्यक्ष, ज्यांना आपण सगळे नाना म्हणतो, त्यांनी गटावर एक अक्षर लिहिले नाही. दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला ते आमच्या घरी आले आणि पावतीपुस्तके, पासबुक आणि कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली.

"मोजून घ्या," एवढेच म्हणाले. चहा घेतला नाही.

मंडळाचे हिशेब तपासण्याचे काम निवृत्तीनंतर आमच्याकडे आहे. रात्री एक वाजेपर्यंत मोजले. मागील वर्षाची शिल्लक १८,३४०. यंदाच्या पावत्या ८९,०७२. मिळून १,०७,४१२. पासबुकातली जमा आणि हातातली रोख धरून तेवढीच रक्कम निघाली. एक रुपया कमी नाही, एक रुपया जास्त नाही. म्हणजे पैसा जिथे असायला हवा तिथेच होता. पडद्यावर मात्र फक्त मागील शिल्लक दिसत होती.

मग चूक कोठे होती? ती शोधताना आम्हाला एक गोष्ट कळली, जी सभासदांना आणि विशेषतः घराघरांत संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना सांगावीशी वाटते. ही नेमकी चूक कोणाच्या ना कोणाच्या हातून होणार हे काही लोकांनी आधीच ओळखले होते, आणि ती झाल्यावर काय सांगायचे याचे वाक्यही लिहून ठेवले होते. ते वाक्य आपल्यापर्यंत पोहोचले नाही, एवढेच. विषय संगणकाचा आहे, पण ज्यांनी खातेवही लिहिली आहे किंवा माग चालवला आहे त्यांना समजायला काही अडचण नाही. आम्ही स्वतः बी.कॉम.; आम्हाला समजला, म्हणजे सर्वांना समजेल.

आपले संकेतस्थळ आपल्याच घरांतल्या मुलांनी बांधले आहे. सुरुवात एका सभासदाच्या कन्येने केली. ती आता पुण्यात नोकरीला असते. पुढचे काम कॉलेजात शिकणारा एक मुलगा पाहतो. दोघांनी त्यासाठी 'लिट' नावाची लायब्ररी वापरली आहे. ही गुगलमधल्या पॉलिमर गटाने तयार केलेली, कोणालाही फुकट वापरता येणारी. तिची दुसरी मोठी आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली, तिसरी २०२३ मध्ये.

लिटचे काम काय? ब्राउझरला मुळात काही ठरावीक शब्द येतात: मथळा, परिच्छेद, चित्र, बटण. 'वेब कंपोनंट' या प्रमाणकामुळे त्याला आपण नवा शब्द शिकवू शकतो. उदाहरणार्थ 'वर्गणी-यादी' किंवा 'वर्गणी-एकूण'. (हे नाव इंग्रजी लिपीतल्या लहान अक्षराने सुरू करावे लागते आणि मध्ये जोडरेघ सक्तीची असते, म्हणजे उद्या ब्राउझरने स्वतःचा नवा शब्द आणला तर आपल्या शब्दाशी त्याची टक्कर होत नाही. नियम आम्हाला आवडला.) एकदा शिकवले की तो शब्द कोणत्याही पानावर लिहा, तिथे तो भाग तयार होऊन बसतो. २०२० पासून सर्व प्रमुख ब्राउझरांना हे जमते. पण नुसत्या प्रमाणकावर असा घटक लिहायचा तर हमाली फार. ती हमाली लिट करते, आणि तिचे वजन आवळून साधारण पाच किलोबाइट. आपण गटावर रोज सकाळी टाकतो त्या सुप्रभातच्या एका चित्रापेक्षा कितीतरी हलकी.

या हमालीतला मुख्य भाग म्हणजे घंटी. बँकेच्या काउंटरची कल्पना करा. 'एकूण' या रकमेत बदल करायचा तर ती रक्कम काउंटरवरच्या कारकुनाच्या हातूनच आत जाते. कारकून ती लिहून घेतो आणि घंटी वाजवतो. घंटी ऐकली की आतला पेंटर उठतो आणि बाहेरच्या फळ्यावरचा आकडा पुसून नवा लिहितो. लिट हा कारकून प्रत्येक रकमेसाठी आपोआप नेमते. फक्त एक अट आहे: रक्कम काउंटरवरून गेली पाहिजे.

पहिल्या मुलीने पावत्यांची यादी लिहिली तेव्हा सुरुवातीची किंमत ठरलेल्या जागी, म्हणजे घटक जन्माला येताना जी कृती चालते तिच्यात भरली. रक्कम काउंटरवरून गेली, घंटी वाजली. म्हणून यादी रोज नीट वाढत होती. मुलाने यंदा 'एकूण'चा घटक नव्याने लिहिला. त्याने सुरुवातीची किंमत, म्हणजे मागील शिल्लक १८,३४०, जावास्क्रिप्टच्या नव्या पद्धतीने लिहिली. तिला 'क्लास फील्ड' म्हणतात आणि ती २०२२ च्या प्रमाणकात अधिकृतपणे आली. लिहायला ती सुटसुटीत आहे आणि जावास्क्रिप्ट म्हणून शंभर टक्के बरोबर आहे. मुलाने कॉलेजात तीच शिकली होती. आळस नाही, निष्काळजीपणा नाही. उलट जुन्यांपेक्षा नवे शिकल्यामुळे झालेली चूक.

कारण क्लास फील्ड काय करते? काउंटरच्या पुढ्यात त्याच नावाची एक पेटी आणून ठेवते. त्यानंतर 'एकूण'मध्ये येणारी प्रत्येक रक्कम सरळ त्या पेटीत पडते. रक्कम बरोबर, पेटीतली बेरीज बरोबर. पण कारकुनाला पत्ताच नाही, म्हणून घंटी नाही, म्हणून पेंटर झोपलेला, आणि फळ्यावर पहिल्यांदा रंगवलेले १८,३४० तसेच. आम्ही मुलाला विचारले, "आत बेरीज किती आहे?" त्याने पाहून सांगितले, "काका, आत १,०७,४१२ च आहे." तेव्हा नाना शेजारी बसले होते. ते आपल्या खान्देशी बोलीत म्हणाले, "मंग यामा मना काय गुन्हा व्हता?"

याचे उत्तर कोणाजवळच नव्हते.

आता ते वाक्य. लिटच्या प्रत्येक आवृत्तीच्या दोन प्रती असतात. एक प्रकाशनाची, जी लोकांच्या मोबाइलवर जाते. दुसरी विकासाची, म्हणजे बांधकाम चालू असताना बांधणाऱ्याने स्वतःच्या संगणकावर लावायची. दोन्हींचे काम एकच. फरक एवढाच की विकासाच्या प्रतीत जागोजागी तपासण्या पेरलेल्या असतात आणि काही चुकत असले तर ती बोलते. प्रकाशनाच्या प्रतीतून या सगळ्या तपासण्या आणि वाक्ये काढून टाकतात. हे योग्यच आहे. त्यांनी वजन वाढते, वेग थोडा कमी होतो, आणि वर्गणी पाहायला आलेल्या माणसाला त्या वाक्याचा उपयोग शून्य. पण मागितल्याशिवाय जी हाती येते ती प्रकाशनाची; विकासाची प्रत वेगळी मागून घ्यावी लागते. काही बांधणीची साधने ती आपोआप निवडतात. आपल्या मुलाने असे साधन न वापरता तयार, आवळलेली फाइल एका ओळीत जोडली होती. म्हणजे बांधतानाही त्याच्याकडे मुकी प्रत होती.

पुण्याच्या मुलीला व्हिडिओ कॉल लावला. तिने आमच्या दोन तासांच्या चर्चेनंतर पहिलाच प्रश्न विचारला, "कुठली प्रत लावली आहेस?"

"ताई, ती छोटीवाली. मिन लिहिलेली."

"डेव्हलपमेंटची लाव, आणि कन्सोल उघड."

कन्सोल म्हणजे ब्राउझरमधली एक पडद्यामागची खिडकी. संगणकावर एफ-१२ हे बटण दाबून तिच्यापर्यंत जाता येते. मुलाने प्रत बदलली, पान पुन्हा उघडले. 'एकूण'चा भाग कोराच राहिला, काही रंगलेच नाही, आणि कन्सोलमध्ये लाल अक्षरांत एक इंग्रजी मजकूर आला. त्याचा मराठीत आशय असा: 'वर्गणी-एकूण' या घटकावरचे पुढील गुणधर्म बदलले तरी अपेक्षेप्रमाणे नवे चित्र उमटणार नाही, कारण ते क्लास फील्डने ठरवले आहेत. ते गुणधर्म: 'एकूण'. अशी फील्डे बदल ओळखण्यासाठी ठेवलेली यंत्रणा झाकून टाकतात. अधिक माहितीसाठी अमुक पान पाहा.

आम्ही ते तीनदा वाचले. घटकाचे नाव होते. त्यातल्या नेमक्या रकमेचे नाव होते. काय होणार नाही ते होते, का होणार नाही ते होते, आणि उपाय कोठे मिळेल तेही होते. दुरुस्ती म्हणजे एक ओळ एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवणे. पाच मिनिटेही लागली नाहीत. नानांना दिवसभर झालेल्या त्रासाचा हिशेब त्यात धरलेला नाही.

आम्ही बँकेत असताना परत गेलेल्या चेकसोबत एक कागद जोडत असू, रिटर्न मेमो. त्यावर कारणांची छापील यादी आणि लागू त्या कारणावर खूण. पूर्वी एक कारण फार चाले: 'चेक लिहिणाऱ्याला विचारा'. खातेदार काउंटरवर येऊन विचारायचा, साहेब, म्हणजे नक्की काय झाले? आणि आम्ही म्हणायचो, ज्याने चेक दिला त्याला विचारा. म्हणजे कागद देऊनही आम्ही त्याला काही सांगितलेले नसायचे, आणि तो बिचारा मनातल्या मनात समोरच्या पार्टीला चोर ठरवूनच बाहेर पडायचा. त्याच यादीत दुसरे कारण असायचे: 'शब्दांतील व आकड्यांतील रक्कम जुळत नाही'. हे ऐकले की माणूस तिथल्या तिथे चेक उलगडून पाहायचा, कपाळावर हात मारायचा आणि नवा चेक आणायला जायचा. भांडण नाही, संशय नाही. दोन्ही कागद परतीचेच. एकाने माणसाला कामाला लावले, दुसऱ्याने शंकेत टाकले.

यंत्रांचेही तसेच होते. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांत खतावणीची यंत्रे येऊ लागली. आमच्या शाखेतले यंत्र अडले की पडद्यावर एक क्रमांक दाखवून गप्प बसायचे. मग जाड फाइल काढायची, क्रमांक शोधायचा, आणि त्यापुढे लिहिलेले असायचे: पुरवठादाराशी संपर्क साधावा.

डिंडोलीत किंवा पलीकडे उधन्यात ज्यांनी माग चालवले आहेत त्यांना आम्ही सांगायला नको. ज्या मागांवर तशी सोय आहे तिथे ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पातळ पोलादी पट्टी अडकवलेली असते. धागा तुटला की आधार जातो, पट्टी खाली पडते आणि माग थांबतो. सोय नसेल तर माग चालतच राहतो, कापड निघत राहते, आणि एक धागा कमी असल्याची रेघ अख्ख्या ताक्याच्या लांबीभर जाते. ती दिसते तपासणीच्या टेबलावर, तेव्हा मजुरी कापली जाते. आपल्या वर्गणीच्या पानाचे हेच झाले. माग चालू होता, रेघ जात होती, आणि मजुरी नानांची कापली गेली. विकासाच्या प्रतीने माग जागीच थांबवला, आणि शिवाय हजारो पट्ट्यांतून पडलेली पट्टी कोणती तेही बोट दाखवून सांगितले.

सगळ्याच सूचना अशा लाल आणि काम थांबवणाऱ्या नसतात. बहुतेक पिवळ्या असतात; काम चालू ठेवतात, फक्त सुनावतात. लिटची पहिली पिवळी ओळ स्वतःविषयीच असते: मी विकासाची प्रत आहे, मला प्रकाशनात पाठवू नका. दुसरी सांगते की लिटच्या एकाहून अधिक आवृत्त्या एकाच पानावर आल्या आहेत; याने लगेच काही मोडत नाही, पण ओझे वाढते. तिसरी आम्हाला बँकेतली वाटली. एखादा घटक रंगवून संपला आणि रंगवणे पूर्ण होताच त्यानेच आपली एखादी रक्कम बदलली, तर सगळे पुन्हा रंगवावे लागते. लिट म्हणते की असे करणे अगदी अपरिहार्य असल्याशिवाय टाळावे. दिवसाचे रोजकीर्द जुळवून, बंद करून, सही झाल्यावर कोणी एक व्हाउचर घेऊन येतो ना, तसे. कधी कधी ते व्हाउचर खरेच तेव्हाच येणे भाग असते. म्हणून ही सूचना त्या घटकापुरती बंद करण्याची सोयही दिली आहे. सूचना देणाऱ्याने 'तुमचेही बरोबर असू शकेल' एवढी जागा ठेवणे आम्हाला फार समजूतदारपणाचे वाटले.

आणखी एक बारकावा. तीच सूचना पुन्हा पुन्हा आली तर माणूस वाचणे सोडून देतो, हे प्रत्येक शाखाधिकाऱ्याला माहीत आहे; मुख्य कार्यालयाची परिपत्रके कोणी का वाचत नाही त्याचे हेच कारण. लिट दिलेल्या पिवळ्या सूचनांची नोंद ठेवते, आणि पान पुन्हा उघडेपर्यंत तेच वाक्य दुसऱ्यांदा बोलत नाही. यादीत शंभर पावत्या असोत, तक्रार एकदाच.

अशी बोलकी साधने आता बरीच आहेत. 'रिॲक्ट' वापरणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने यादीतल्या प्रत्येक नगाला वेगळी ओळख द्या म्हणून ओरडणारी तिची सूचना पाहिलेली असते. 'एल्म' नावाच्या भाषेने तर चुका समजावून सांगण्याच्या पद्धतीवरच नाव कमावले. आपल्या मुलांची अडचण वेगळी आहे: हे सगळे इंग्रजीत असते, आणि लाल-पिवळे इंग्रजी दिसले की आपली मुले घाबरून खिडकी बंद करतात. आम्ही मुलाला विचारले की एरवी अशी ओळ आली तर काय करतोस. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "काका, पिवळी असली तर चालतं." तेव्हा पुण्याच्या मुलीने त्याला एक वही करायला लावली. आलेली प्रत्येक सूचना तारखेसह उतरवायची, खाली मराठीत तिचा अर्थ, त्याखाली काय केले. आम्ही त्यात एक रकाना वाढवायला सांगितला: तपासणाऱ्याची सही. सवय जात नाही.

दुरुस्ती झाली त्या रात्री मुलाने नानांसमोर खात्री करण्यासाठी ११ रुपयांची एक खोटी पावती भरली. फळ्यावरचा आकडा डोळ्यांदेखत १,०७,४२३ झाला. सगळे हसले. नाना हसले नाहीत, चष्मा वर करून त्यांनी आकडा पाहिला आणि म्हणाले, "बरोबर आहे. आता ते अकरा काढ." ते काढून आकडा पुन्हा १,०७,४१२ झाल्यावरच त्यांनी किल्ली उचलली, आणि त्या रात्रीचा पहिला चहा घेतला.

गटावर दुसऱ्या दिवशी आम्ही हिशेबाचा फोटो टाकला. त्याखाली बरीच हात जोडलेली चित्रे आली. ज्यांनी "उरलेले कोठे?" लिहिले होते ते स्वतः नानांच्या घरी जाऊन आले, असे ऐकतो.

मुलाच्या वहीत आजपर्यंत सहा नोंदी आहेत. पाचांवर आमची सही आहे. सहावी छायाचित्रांच्या पानाची आहे, ती रोजकीर्द बंद झाल्यावरच्या व्हाउचरवाली पिवळी ओळ. परीक्षा संपल्यावर बघतो, असे तो म्हणाला आहे.